शेडमधली लाल तीनचाकी

मी, श्रीरंग विष्णू मोहरील, वय वर्षे एकोणसाठ, निवृत्त इंजिनियर, मूळ राहणार धंतोली, नागपूर, हल्ली मुक्काम ट्रॉय, मिशिगन, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने आणि स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. कोणी दाब घातलेला नाही. ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी माझ्या हृदयात दोन स्टेंट बसवले, पण डोक्याला हात लावलेला नाही, ते ठिकाणावर आहे. आज सकाळचा चहा मी स्वतः केला आणि गॅस आठवणीने बंद केला, एवढा पुरावा पुरे समजावा.

वकीलबाईंनी इंग्रजीत चार पानांचं विल करून दिलेलं आहे. ते कोर्टासाठी. हे माझ्या माणसांसाठी. दोन्हींत कुठे फरक पडला तर घर आणि पैसा यांच्या बाबतीत इंग्रजी खरं धरावं, आणि बाकी सगळ्या बाबतीत हे.

कलम १. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी एकुलती एक मुलगी देवयानी हिने करावी. ती सनीव्हेलला चिपच्या कंपनीत आहे. तिला मराठी वाचता येतं, पण सावकाश, आणि अडलं की 'बाबा, व्हॉट इज दिस वर्ड' म्हणून फोन येतो. या वेळी फोन उचलायला बाबा नसतील, म्हणून अक्षर मोठं काढलं आहे. फारच अडलं तर दिगंबरकाकाला विचारावं. पण कलम सहा तिने स्वतः वाचावं.

कलम २. राहतं घर देवयानीला. या वर्षी विकायची घाई करू नये. आमच्या रस्त्यावर चार घरांपुढे पाट्या लागून राहिल्यात आणि कोणी फिरकत नाही. तळघराच्या ईशान्य कोपऱ्यात दर मार्चमध्ये पाणी येतं. घेणाऱ्याला ते आधी सांगावं, वर कपाट ठेवून झाकू नये. झाकून ठेवलेल्या गोष्टींचा मला अनुभव आहे, तो पुढे येतोच.

कलम ३. बँकेतली आणि रिटायरमेंटची सगळी शिल्लक दोन सारख्या भागांत वाटावी. एक भाग देवयानीला, एक भाग माझा धाकटा भाऊ कुमार विष्णू मोहरील, राहणार नागपूर, याला. देवयानी, तू भुवया वर करशील. कुमारकाकाला आणि मला तू एका खोलीत दहा मिनिटांच्या वर पाहिलेलं नाहीस. कारण कलम सहामध्ये आहे. ही भरपाई नाही. भरपाई होण्यासारखी ती गोष्ट नाही, आणि पैशाने गप्प होण्यासारखा तो माणूस नाही. मी जिवंत असेतो त्याला या कलमाची कुणकुण लागू देऊ नये, नाहीतर तो ते माझ्या तोंडावर फेकेल, आणि बरोबरच करेल.

कलम ४. गॅरेजमधली सगळी हत्यारं, टॉर्क रेंच धरून, माझे मित्र दिगंबर पाटणकर यांना. त्यांत नट खोलायचा दहा मिलिमीटरचा सॉकेट सापडणार नाही. तो त्यांनी १९९१ साली नेला आणि 'मी नेलाच नाही' असं आजतागायत म्हणतात. या कलमाने तो सॉकेट मी त्यांना रीतसर देऊन टाकतो. घेतला तर तो त्यांच्याकडे होता हे सिद्ध होईल, म्हणून ते घेणार नाहीत, हेही मला माहीत आहे.

मी आणि दिगंबर सत्तावीस वर्षं एका कंपनीत होतो. कंपनीचं नाव इथे नको. आम्ही मोटारींची ॲक्सिलरेटरची पेडलं आणि केबली बनवायचो. माझं काम एवढंच, की पाय उचलल्यावर पेडल परत येतं का, ते तपासायचं. लॅबमध्ये एक लोखंडी पाय होता. तो पेडल दाबायचा, सोडायचा, दाबायचा, सोडायचा, दहा लाख वेळा. त्यात एकदा जरी पेडल अडकलं, तरी ते उघडून, कशाने अडकलं ते शोधून, कागदावर लिहून सही केल्याशिवाय मी घरी जात नसे. 'अडकलं की उघडायचं' हे मी नव्या लोकांना इतक्या वेळा ऐकवलं की ते पाठीमागे माझी नक्कल करत. हे ध्यानात ठेवून पुढचं वाचावं.

कलम ५. माझी पत्नी सुमित्रा गेल्या वर्षी जानेवारीत गेली. तिच्या साड्या आणि दागिने देवयानीला. मिक्सर, मोठी परात आणि पुरणयंत्र दिगंबरच्या नंदावहिनींना, कारण त्यांनाच ते वापरता येतं. मंडळाच्या गणपतीत ज्या पातेल्यात मसालेभात होतो ते पातेलं आमचं आहे. १९९८ पासून मंडळ ते आपलंच समजतं. ते परत मागू नये, पण पातेलं मोहरिलांचं आहे एवढं कमिटीने एकदा माइकवरून सांगावं. सुमित्राने त्या पातेल्यापायी मला आठ वर्षांत एकदाही भांडू दिलं नाही. आता ती नाही, म्हणून मी इथे भांडून घेतो.

तिचा कुंकवाचा चांदीचा करंडा मात्र या कलमात येत नाही. त्यात सध्या कुंकू नाही.

कलम ६. मागच्या अंगणातल्या शेडमध्ये एक लाल तीनचाकी आहे. पुढे एक चाक, मागे दोन, फुगवलेले जाड टायर, मोटरसायकलसारखं हँडल. ही रस्त्यावर चालवायची नसते. माळावर, वाळूत, चिखलात चालवायची. १९८४ सालची जपानी बनावट. मी ती १९८६ च्या उन्हाळ्यात समोरच्या वॉल्टरकडून घेतली. नागपूरला आमच्याकडे एकच सायकल होती आणि ती बाबांची होती. इथे आल्यापासून पंधरा वर्षं मी फक्त उपयोगाच्या वस्तू घेतल्या. ही तेवढी बिनउपयोगाची घेतली, आणि घेतली त्या दिवशी मी घरात शिट्टी वाजवत फिरत होतो असं सुमित्रा सांगायची. तेव्हा आमच्या घरामागे वस्ती संपायची आणि नुसतं माळरान होतं.

कुमार माझ्याहून चौदा वर्षांनी लहान. मीच त्याला १९८५ मध्ये एम.एस. करायला बोलावून घेतलं. तो आमच्याच बेसमेंटमध्ये राहायचा. युनिव्हर्सिटीत शिकवायचं काम मिळालं होतं, प्रोफेसर खूश होते. तो माझ्याहून हुशार होता. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितो आहे. देवयानी पाच वर्षांची होती, तिला तो पाठीवर घेऊन जिना चढायचा आणि दर पायरीला घोड्यासारखा खिंकाळायचा. देवयानीला आठवत असेल. आता त्याला जिना चढताना कठडा धरावा लागतो, तेही तिने पाहिलं आहे.

१९८६ चा दसरा आम्ही रविवारी केला. आमच्या घरी दसऱ्याला हत्यारांची आणि गाड्यांची पूजा असते. परसातला झेंडू थंडीने करपायच्या आत सुमित्राने खुडून ठेवला होता. हार ओवताना दोरा संपला, म्हणून तिने माझ्या डब्यातली मासे धरायच्या गळाची नायलॉनची दोरी घेतली. एक हार मोटारीला, एक तीनचाकीला. तीनचाकीचा हार मी बांधला, हँडलच्या उजव्या मुठीपाशी, चांगली पक्की गाठ मारून. वीस माणसं जेवायला होती. जेवणं झाल्यावर मला माझी गाडी मिरवायची होती. पण मी तेव्हा अडतीस वर्षांचा, पोट सुटलेला. म्हणून कुमारला म्हटलं, "जा, एक चक्कर मारून ये. बघू दे सगळ्यांना." हे मी म्हटलं. वीस माणसांसमोर म्हटलं.

त्याने बसायच्या आधी हार काढायला हवा होता. गाठ सुटेना. नायलॉन घसरतं म्हणून मी तीन वेढे मारले होते. सुमित्रा म्हणाली, अहो, सोडा हळूहळू, पूजेचा हार कापत नाहीत. मी म्हटलं, लोक खोळंबलेत. आणि स्वयंपाकघरातली कात्री आणून हार दोन्हीकडून कापला. फुलं हातात आली. गाठ आणि वीतभर दोरी हँडलवरच राहिली. ती मला दिसली. दिसली आणि मी म्हटलं, नंतर बघू.

या गाडीला पायात पेडल नसतं. उजव्या मुठीपाशी अंगठ्याने दाबायची एक खिट्टी असते, तोच थ्रॉटल. दाबली की वेग वाढतो, अंगठा काढला की खिट्टीने परत यायचं. कुमारने अर्धी चक्कर मारली तोवर सगळे टाळ्या वाजवत होते. मग वळण आलं, आणि इंजिनाचा आवाज खाली यायचं नाव घेईना. माझ्या कानाला तो आवाज कळला. मी पोटापाण्यासाठी तोच आवाज ऐकायचो. तीनचाकी त्याच्यावर उलटली आणि उजवा पाय मागच्या चाकाखाली गेला. गुडघा आणि घोटा, दोन्हींचा चुरा.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये शुद्धीवर आल्यावर त्याने मला जवळ बोलावलं.

"दादा, थ्रॉटल परत आला नाही. मी अंगठा काढला होता."

मी म्हटलं, "थ्रॉटलचं मला शिकवू नकोस."

त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यानंतर त्याने तो विषय माझ्यापाशी काढला नाही, बाबांपाशी नाही, कोणापाशीच नाही. तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये सुमित्राने विचारलं, अहो, ती दोरी सगळी निघाली होती ना? मी म्हटलं, हो, सगळी. अशा आवाजात म्हटलं की तिने पुन्हा विचारू नये. तिनेही पुन्हा विचारलं नाही.

त्याच आठवड्यात मी बाबांना पत्र लिहिलं. त्यातली दोन वाक्यं मला तोंडपाठ आहेत. 'मी नको नको म्हणत असताना कुमार गेला. चारचौघांत मिरवायची हौस, दुसरं काय.' दोन्ही वाक्यं खोटी आहेत. मिरवायची हौस माझी होती आणि जा म्हणणारा मी होतो. माझी पत्रं आमच्या घरी जेवणं आटोपल्यावर बाबा मोठ्याने वाचून दाखवत, शेजारचेही येऊन बसत. हेही वाचलं. माझी बहीण शोभना वाचताना समोर होती, तिने सांगितलं की वाचून झाल्यावर बाबा चष्मा पुसत कितीतरी वेळ बसले होते.

कुमारची तीन ऑपरेशनं झाली. सेमिस्टर बुडालं, शिकवायचं काम गेलं, मग व्हिसा गेला. मार्चमध्ये तो कुबड्या घेऊन नागपूरला परतला, तेव्हा माझं पत्र त्याच्या पाच महिने आधी तिथे पोचलेलं होतं. आमचा कुमार अमेरिकेत सर्कस करायला गेला होता, असं काका लोक म्हणायचे. लग्नाच्या बोलण्यांत मुलीकडचे विचारायचे, हाच का तो उंडगा? तो पॉलिटेक्निकमध्ये मशीन ड्रॉइंग शिकवायला लागला आणि तेच शिकवतो आहे. पुढे अशा तीनचाक्या धोकादायक म्हणून विकायच्या बंद झाल्या, तेव्हा मी पेपरातलं कात्रण बाबांना पाठवलं. म्हणजे बघा, गाडीही वाईट आणि चालवणाराही वाईट, मी तेवढा चांगला. बाबा १९९४ मध्ये गेले. कुमारला त्यांनी, तू पडलास कसा, हे एकदाही विचारलं नाही. त्यांना माहीत होतं. मी लिहिलं होतं ना.

तीनचाकी मी त्याच संध्याकाळी ढकलत शेडमध्ये नेली, ताडपत्री टाकली आणि कुलूप घातलं. अडकलं की उघडायचं, असं सगळ्या लॅबला नाकाने कांदे सोलत सांगणारा मी, ती उघडून बघितली नाही. विसरलो नव्हतो. आत काय निघेल याची भीती होती.

त्या दसऱ्यानंतर सुमित्राने आमच्या एकाही गाडीला हार घातला नाही. हळद-कुंकू लावायची, नमस्कार करायची, बस. मला वाटायचं, इथे राहून सुटसुटीत झाली. नागपूरला गेलो की ती आधी कुमारकडे उतरायची आणि मी हॉटेलात. लोकांना मी सांगायचो की मला एसी लागतो. वीस वर्षं ती माझ्याशी नीट वागली, हसली, भांडली, माझं पथ्यपाणी केलं, आणि ते एक विचारलं नाही. तिला कळलं होतं. मला कळलंय हेही तिला कळलं होतं. याची मला जेवढी लाज वाटते तेवढी दुसऱ्या कशाची वाटत नाही.

या उन्हाळ्यात देवयानी म्हणाली, बाबा, शेड तरी क्लिअर करा. दिगंबरने ताडपत्री ओढली आणि म्हणाला, अरे यार, हे तर रत्न आहे, चल, चालू करू. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण नाही का म्हणायचं याचं कारण सांगता येईना. म्हणून हो म्हटलं, आणि आम्ही ती ढकलत गॅरेजमध्ये आणली. एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी घरटं केलं होतं, त्यात देवयानीच्या लहानपणच्या लाल मोज्याची लोकर. टाकीतलं जुनं पेट्रोल काकवीसारखं दाट झालेलं. ते काढून, गंज निघावा म्हणून टाकीत व्हिनेगर आणि मूठभर लोखंडी नट घातले, आणि आम्ही दोघं थेरडे अंगणात ती टाकी खुळखुळ्यासारखी हलवत उभे. कार्बोरेटर उकळून साफ केला. नवा प्लग, इंजिन सुरू करायला ओढायची नवी दोरी. टायरना भेगा होत्या तरी हवा धरली. दोन आठवडे मी आनंदात होतो, हे कबूल करतो. सगळं केलं, फक्त उजव्या मुठीकडे गेलो नाही. शेवटी दिगंबर म्हणाला, ही खिट्टी जाम आहे, उघड की. मी म्हटलं, उद्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो यायच्या आत मी एकट्याने उघडली. तीन स्क्रू. आत खिट्टीच्या खिळ्याभोवती नायलॉनची दोरी गुंडाळलेली होती, सात वेढे. जितक्यांदा दाबली तितकी आत ओढली गेली आणि शेवटी तिने खिट्टी दाबलेलीच धरून ठेवली. दोरी अजून पारदर्शक होती. तिच्यात झेंडूचं एक वाळलेलं बोंड अडकलेलं, काळं पडलेलं. हाताला लागताच त्याचा भुगा झाला.

मी गॅरेजच्या फरशीवर बसलो. रडू आलं नाही. लाज वाटली, इतकी की घरात दुसरं कोणी नसताना मी उठून गॅरेजचं दार लावून घेतलं.

दिगंबर आला, काय होतं रे आत, म्हणाला. मी म्हटलं, उंदराचे केस. स्टेंट बसवून महिना झाला होता, बायको गेलेली, बाबा गेलेले, लपवायला कोणी उरलं नव्हतं, तरी तोंडातून तेच निघालं. मग नवव्या ओढीला इंजिन सुरू झालं. दिगंबर अंगणात नाचला आणि मी टाळ्या वाजवल्या.

ती दोरी सुमित्राच्या करंड्यात आहे.

कलम ७. माझ्या मृत्यूनंतर तो करंडा, कलम सहाची प्रत आणि ती तीनचाकी कुमारला नागपूरला पाठवावी. भाऊबीजेला शोभनाकडे, धंतोलीच्या त्याच खोलीत सगळे जमतात. तिथे शोभनाने कलम सहा सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावं, जसं बाबांनी माझं पत्र वाचलं होतं तसं. म्हणजे मी त्या ऋणातून...

वरचं वाक्य पुरं करत नाही. कलम सात रद्द केलं आहे. इथवरचं रविवारी, १४ ऑक्टोबरला लिहिलं. पुढचं आज गुरुवारी लिहितो आहे. रद्द केलेलं कलम फाडून टाकता आलं असतं, पण मी काय करायला निघालो होतो ते देवयानीला दिसू दे, म्हणून ठेवलं आहे.

झालं असं की काल सकाळी दिगंबर आणि नंदावहिनी साक्षीदार म्हणून सह्या करायला आले. साक्षीदाराने मजकूर वाचायलाच हवा असं काही नाही, असं वकीलबाई म्हणाल्या होत्या, आणि मी त्याच भरवशावर होतो. पण दिगंबर मायक्रोवेव्ह घेतला तरी पुस्तिका पहिल्या पानापासून वाचणारा. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्याने सगळं वाचलं. सॉकेटपाशी हसला. मग हसायचा थांबला. वाचून झाल्यावर त्याने पेनाला टोपण लावलं.

"मी सही करणार नाही."

मी विचारलं, का.

"तू मेल्यावर त्याने भांडायचं कोणाशी, श्री? तुझ्या फोटोशी?"

मी म्हटलं, निदान खरं तर सांगतोय. तो म्हणाला, खरं नाही सांगत आहेस, पोस्टात टाकतोयस, मागच्या वेळेसारखं. शिवाय ज्या गाडीने पाय मोडला ती त्या माणसाला पार्सल करणार, आणि वर लिहिलंयस डोकं ठिकाणावर आहे, ते आधी खोड. उंदराचे केस म्हणे. मला त्याचा भयंकर राग आला. माझ्या घरात, माझ्या टेबलाशी. मी त्याला तुझा काय संबंध असंही म्हणालो. तो उठला नाही. नंदावहिनींनी फोन आणि कॉलिंग कार्ड माझ्यापुढे ठेवलं. इथे सकाळचे दहा, तिथे संध्याकाळचे साडेसात.

कुमारने फोन उचलला. आधी त्याला वाटलं, माझ्या तब्येतीचं काही आहे. मी म्हटलं, कुमार, तीनचाकी उघडली. पुढचं कसं बोललो ते मला नीट आठवत नाही, दिगंबर म्हणतो चार मिनिटं बोलत होतो. दोरी, गाठ, कात्री, मीच जा म्हणालो होतो ते, पत्रातली दोन्ही वाक्यं, सुमित्राने विचारलं होतं ते, आणि मी मेल्यावर शोभनाने वाचायचं ते कलम सात. तिकडे टीव्ही चालू होता, तो त्याने बंद केल्याचं ऐकू आलं.

"दादा, हे मी तुला दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं."

मी म्हटलं, हो.

"मला नाही सांगितलंस तरी चाललं असतं, मला माहीतच होतं. बाबांना सांगायला हवं होतंस रे."

मी माफी मागितली. तो म्हणाला की माफ केलं असं म्हणायला त्याला काही लागणार नाही, पण तसं अजून वाटत नाहीये, म्हणून म्हणत नाही. पाय दर थंडीत दुखतो. बाबा शेवटच्या आजारात त्याच्या हातून औषध घ्यायचे आणि भिंतीकडे बघायचे. हे तो सावकाश, वर्गात समजावून सांगितल्यासारखं सांगत होता. मग म्हणाला, मेल्यावर शोभनाताईने वाचायचं वगैरे काही नको. तू ये. भाऊबीजेला ये, आणि सगळ्यांसमोर स्वतः वाच. काका लोकांतले दोघेच उरलेत, त्यांना ऐकू कमी येतं, मोठ्याने वाच.

मी हो म्हटलं. फोन ठेवतोय असं वाटलं, तेवढ्यात त्याने विचारलं, ती सुरू होते का. मी म्हटलं, होते.

"आणि अंगठा काढला की?"

"परत येते. शंभर वेळा तपासली."

तो बरं म्हणाला आणि फोन ठेवला.

संध्याकाळी देवयानीलाही फोन करून सांगितलं. ती म्हणाली, बाबा, काका बेफिकीर होता असं तुम्हीच मला सांगत आलात, मी गाडी शिकताना तुम्ही त्याचंच उदाहरण दिलंत. मी म्हटलं, हो, दिलं. ती म्हणाली, आय नीड सम टाइम. तो तिला द्यावा लागेल. या घरात ती वेळ मागते तेव्हा मी विनोद करतो, या वेळी केला नाही.

कलम ८. तीनचाकी दिगंबर पाटणकर यांना. अट एकच. तिच्यावर कोणीही बसण्याआधी त्यांनी उजव्या मुठीचे तीन स्क्रू काढून आत बघावं. दर वेळी. आदल्या दिवशी बघितलं असलं तरी.

कलम ९. करंडा कोणालाही नाही. तो मी माझ्याबरोबर नागपूरला नेतो आहे. कलम सहा वाचून झाल्यावर तो कुमारपुढे ठेवीन. त्याने ती दोरी फेकून दिली तर करंडा सुमित्राचा म्हणून देवयानीला द्यावा. त्याने ठेवून घेतली तर करंडाही त्याचा.

हे शेवटचं आज रविवारी लिहितो आहे. आज दसरा. सह्या करायच्या आधी नंदावहिनी म्हणाल्या, गाडी एकवीस वर्षांनी चालू झालीये, पूजा करा. त्यांनी सुती दोऱ्यात ओवलेला झेंडूचा हार आणला होता. मला तो बांधायचा नव्हता, तरी बांधला. हळद-कुंकू लावलं. मग काढायची वेळ आली. माझी बोटं आता पूर्वीसारखी चालत नाहीत, त्यात गाठ ओली झालेली. ती सोडायला मला कितीतरी वेळ लागला. दिगंबर शेजारी उभा होता, चहा निवत होता, पण त्याने आवर लवकर असं म्हटलं नाही. दोरा सगळा निघाला. मी दोनदा बघितलं, मग त्याला बघायला सांगितलं.

येणेप्रमाणे नऊ कलमांचं हे मृत्युपत्र, त्यातलं सातवं रद्द, मी पूर्ण शुद्धीत आणि खाली मानेने लिहिलं, वाचलं आणि खालील दोघांसमक्ष सही केली.

ठिकाण: ट्रॉय, मिशिगन
दिनांक: २१ ऑक्टोबर २००७, दसरा

(सही) श्रीरंग विष्णू मोहरील

साक्षीदार १: (सही) नंदा दिगंबर पाटणकर. हार मी आणला होता. कात्री बरोबर आणली नव्हती.

साक्षीदार २: (सही) दिगंबर पाटणकर. पूर्ण वाचून आणि फोन झाल्यावर सही केली. सॉकेट माझ्याकडेच आहे. श्रीरंगचं नागपूरचं तिकीट ५ नोव्हेंबरचं आहे. एअरपोर्टला मी सोडतो आहे, आणि तो आत जाईपर्यंत तिथेच थांबणार आहे.